‘मी आउट नव्हतोंच!’ : मुलांचें क्रिकेट आणि पंचांचे निर्णय

हिवाळ्यांत शाळाशाळांचे सामने सुरू झाले, किंवा उन्हाळ्यांत परीक्षेचें ओझें उतरून मैदानें भरूं लागलीं, म्हणजे पुष्कळ घरांतून दिवेलागणीच्या सुमारास एक ठराविक प्रसंग घडतो. बारा-तेरा वर्षांचे चिरंजीव बॅट दाराआड टाकतात, हातपाय न धुतांच एका कोपऱ्यांत बसून राहतात, आणि पानें मांडलीं तरी उठत नाहींत. आईनें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. आजीनें पाठीवरून हात फिरविला कीं मात्र बांध फुटतो, "मी आउट नव्हतोंच! पंचानें मला उगीच आउट दिलें!" लगेच घरांत न्यायसभा भरते. काकांचें मत पडतें कीं, पंच समोरच्या शाळेचा असणार. थोरले बंधु सांगतात कीं, पाय पुढें टाकून खेळणाऱ्यास पायचीत देतांच येत नाहीं. आजोबा आपल्या वेळच्या एका सामन्याचा दाखला देतात. अर्ध्या तासांत निकाल लागतो, तो अर्थातच मुलाच्या बाजूचा असतो, आणि मुलगा डोळे पुसून जेवावयास उठतो. या न्यायसभेंत वादी असतो, वकील असतात, न्यायाधीश तर घरांतील प्रत्येकजण असतो. नसतें तें एक कायद्याचें पुस्तक.

शिक्षकाच्या व्यवसायांत असतांना आम्हांस मुलांचे सामने पुष्कळ पाहावे लागले, आणि कित्येकदां पंचाचा पांढरा कोट अंगावर चढवून दिवसभर उन्हांत उभेंही राहावें लागलें. त्यावरून आमचें असें मत झालें आहे कीं, मुलांच्या सामन्यांतील बहुतेक तंटे पंचाच्या लबाडीनें किंवा अधू दृष्टीनें होत नाहींत. खेळणारा, निर्णय देणारा व कडेला उभा राहून ओरडणारा, या तिघांनाही कायदा आपणांस ठाऊक आहे असें वाटत असतें, आणि तिघांचेही कायदे निरनिराळे असतात, यांतून ते उद्भवतात. मुलगा हट्टी नसतो, पंच अन्यायी नसतो. तथापि मुलाच्या मनावर शिक्का बसतो तो अन्यायाचाच, आणि त्या वयांत बसलेला शिक्का लवकर पुसला जात नाहीं. म्हणून हा विषय केवळ खेळाचा न समजतां घरांतील वडील मंडळींनीं त्याकडे थोडें लक्ष द्यावें, अशी आमची विनंती आहे. आतां मुलीही हा खेळ हिरीरीनें खेळूं लागल्या आहेत, तेव्हां पुढील विवेचनांत ‘मुलगा’ म्हटलें तेथें मुलीही आल्याच, असें वाचकांनीं समजावें.

इतर पुष्कळ खेळांना ‘नियम’ असतात. क्रिकेटला ‘कायदे’ आहेत. या खेळाची जुन्यांत जुनी लेखी संहिता १७४४ सालची. लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब १७८७ सालीं निघाला व दुसऱ्याच वर्षीं त्यानें आपली संहिता प्रसिद्ध केली. तेव्हांपासून हे कायदे करण्याचें व सुधारण्याचें काम त्या क्लबाकडे चालत आलें. १ ऑक्टोबर २०१७ पासून नवी संहिता अमलांत आली, तींत एकंदर ४२ कायदे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून तींतही कांहीं फेरफार झाले. आमच्याकडे हें पुस्तक वाचून कोणी खेळावयास लागत नाहीं. काका पुतण्याला सांगतो, पुतण्या धाकट्या भावाला सांगतो, आणि अशी परंपरा चालते. वेद याच मौखिक परंपरेनें स्वरांसह शुद्ध राहिले. क्रिकेटचे कायदे मात्र तिनें पार बिघडवून टाकले.

अपीलापासूनच पाहा. ३१ वा कायदा सांगतो कीं, क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघानें अपील केल्यावांचून पंचानें कोणासही बाद देतां कामा नये. बॅटची कड घेऊन चेंडू यष्टिरक्षकाच्या हातांत गेला, हें शंभर प्रेक्षकांनीं पाहिलें, पंचानेंही पाहिलें. परंतु कोणी विचारलेंच नाहीं तर पंचाचें मौन हेंच योग्य होय. हें ठाऊक नसल्यामुळें कडेचे लोक "पंच झोपला काय?" म्हणून ओरडतात. उलट, ‘हाउज दॅट’ हा एकच प्रश्न बाद होण्याच्या सर्व प्रकारांना पुरतो. मुलांनीं पायचीतासाठीं आरोळी दिली आणि पंचाला तोच चेंडू बॅटला लागून स्लिपमध्यें झेलला गेलेला दिसला, तर "तुम्ही झेलासाठीं विचारलें नाहीं" असें त्यास म्हणतां येत नाहीं.

याच कायद्याचें एक अंग विशेष करुणामय आहे, व तें फार थोड्या पंचांना ठाऊक असतें. लहान मुलांच्या सामन्यांत पंचाची ‘नोबॉल’ ही हांक बहुधा वाऱ्यावर जाते. यष्ट्या उडालेल्या पाहून फलंदाज मान खालीं घालून चालूं लागतो. तो क्रीजबाहेर जातांच एखादा चतुर यष्टिरक्षक चेंडू उचलून यष्टी उपटतो व धांवचीताचें अपील करतो! "तो आपण होऊन निघाला, आम्ही काय करणार?" असें म्हणून बोट वर करणारे पंच आहेत. परंतु आपण बाद झालों अशा गैरसमजानें फलंदाज निघाला आणि वस्तुतः तो बाद नसला, तर पंचानें मध्यें पडून चेंडू ‘डेड’ जाहीर करावा व त्याला परत बोलवावें, अशी कायद्याची स्पष्ट आज्ञा आहे. पुढचा चेंडू खेळांत येईपर्यंत असें परत बोलावतां येतें.

आतां पायचीत. घरोघरच्या न्यायसभांत सर्वांत अधिक खटले याचेच असतात, आणि त्याचें कारण आमच्या मतें शास्त्रीय आहे. त्रिफळा उडाला, तो डोळ्यांना दिसला. झेल घेतला, तो दिसला. धांवचीत झाला, तोही दिसला. हीं सर्व प्रत्यक्ष प्रमाणाचीं उदाहरणें. पायचीताच्या प्रकारांत मात्र, जें घडलेंच नाहीं त्याविषयीं निर्णय द्यावयाचा असतो. चेंडू यष्ट्यांवर गेला नाहीं, तो मध्येंच अडला. अडला नसता तर गेला असता काय, हें अनुमान होय. स्वयंपाकघरांतील धूर व अग्नि यांचें साहचर्य पाहून नैयायिक डोंगरावरच्या अग्नीचें अनुमान करतात. पण त्यांना विचारास वाटेल तेवढा अवकाश असतो. पंचाला अर्ध्या क्षणांत अनुमान करावें लागतें, आणि समोर अकरा मुलें ओरडत असतात.

तथापि कायद्यानें हें अनुमान मोकाट सोडलेलें नाहीं. पंचानें स्वतःला कांहीं प्रश्न क्रमानें विचारावयाचे असतात. चेंडू नोबॉल होता काय? असेल तर प्रश्नच मिटला. टप्पा लेगच्या यष्टीबाहेर पडला काय? पडला असेल, तर मग तो चेंडू मधल्या यष्टीच्या मध्यावर जाणारा असला तरी फलंदाज बाद नाहीं. चेंडू अगोदर बॅटला लागला काय? लागला असेल तर बाद नाहीं. अंगाला लागला तो यष्टी ते यष्टी या पट्ट्यांत लागला काय? ऑफच्या बाजूस पट्ट्याबाहेर लागला असेल, तर फलंदाजानें खेळण्याचा खरा प्रयत्न केला नसेल तेव्हांच तो बाद. आणि हें सर्व झाल्यावर शेवटचा प्रश्न, चेंडू यष्ट्यांवर गेला असता काय? बहुतेक पंच हा शेवटचा प्रश्न पहिल्यानें विचारतात, व त्याचें उत्तर ‘होय’ आलें कीं बाकीचे विसरतात. सर्व चुकांचें मूळ येथें आहे.

थोरल्या बंधूंच्या ‘पुढच्या पाया’विषयीं कायद्यांत एक अक्षरही नाहीं. पाय लांब टाकला म्हणजे चेंडूला यष्ट्यांपर्यंतचें अंतर अधिक उरतें व अनुमान कठीण होतें, एवढेंच. आजोबांना आठवत असलेला कायदाही पुष्कळदां फार जुना असतो. १९३७ पूर्वीं टप्पा सरळ रेषेंतच पडावा लागे. ऑफच्या बाहेर टप्पा पडून आंत येणाऱ्या चेंडूवर बाद देण्याची मुभा १९३५ सालीं प्रयोगादाखल व १९३७ पासून कायद्यानें मिळाली. टप्पा न पडतांच पायावर आलेल्या चेंडूविषयीं तो पुढें त्याच रोखानें गेला असता असें मानावयाचें असतें. आणि ‘पायचीत’ हें आमचें मराठी नांव सोयीचें असलें तरी फसवें आहे. कायद्यांत पाय असा नाहींच, शरीराचा कोणताही भाग आहे. १९९९ च्या डिसेंबरांत ॲडलेड येथें मॅग्राथचा चेंडू उसळेल म्हणून सचिन तेंडुलकर खालीं वांकले. चेंडू उसळला नाहीं व त्यांच्या खांद्यावर आदळला. पंच डॅरिल हार्पर यांनीं त्यांस बाद दिलें. तो चेंडू यष्ट्यांवर गेला असता कीं नाहीं यावर आपल्याकडे पुष्कळ दिवस वाद झाला, आणि तो वाद योग्यच होता. पण "खांद्याला लागल्यावर पायचीत कसा?" असें जे विचारीत होते, त्यांना उत्तर देण्यासारखें कांहीं नव्हतें.

लेगबाहेरच्या टप्प्याची एक चूक आम्हीं जवळून पाहिली, ती येथें सांगतों. एका आंतरशालेय सामन्यांत पाहुण्या शाळेचा एक डावखुरा मुलगा खेळत होता. उजव्या हाताचा गोलंदाज यष्ट्यांच्या डाव्या बाजूनें येऊन डावखुऱ्याला चेंडू टाकूं लागला, म्हणजे टप्पा पुष्कळदां लेगबाहेर पडतो व चेंडू तिरपा आंत येतो, ही गोष्ट कोणत्याही जाणत्या पंचास ठाऊक असते. तसाच चेंडू आला, पॅडवर धप्प आवाज झाला, गिल्ला उठला आणि पंचाचें बोट वर गेलें. पंच यजमान शाळेचेच एक शिक्षक होते. सुस्वभावी होते, पण सकाळीं कोणी कोट दिला म्हणून उभे राहिलेले. निर्णय चुकीचा होता यांत शंका नाहीं. मुलगा क्षणभर थबकला, खालीं मान घालून निघाला, आणि एवढ्यांत त्याचे वडील सीमारेषा ओलांडून आंत आले. त्यांनीं पंचांना नको तें ऐकविलें, मुलाचा दंड धरला आणि पॅड पायांत असतांनाच त्याला घरीं नेलें. पुढच्या सामन्यास तो आला नाहीं, त्यापुढच्याही नाहीं. वर्गांत विचारतां तो त्याच्या मित्रांस एवढेंच म्हणाला कीं, "बाबा म्हणतात, तेथें सगळे ठरवूनच बसलेले असतात." हात मोठा सुंदर होता त्याचा. पंचाच्या चुकीनें त्याचा एक डाव गेला होता. इतर दहा जणांचेही केव्हां ना केव्हां असे डाव जातात व ते दुसऱ्या दिवशीं पुन्हां खेळतात.

त्या वडिलांचा संशय अगदींच निराधार होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. जेथें यजमान संघाचा मनुष्य पंच असतो तेथें संशय येणारच. तो राष्ट्राराष्ट्रांनाही येत असे. म्हणूनच १९८६ च्या नोव्हेंबरांत लाहोर येथें पाकिस्तान व वेस्ट इंडीज यांच्या कसोटी सामन्यांत भारतांतून दोन तटस्थ पंच नेण्यांत आले. त्यांपैकीं एक मुंबईचे पिलू रिपोर्टर, दुसरे रामस्वामी. शाळेच्या सामन्याला लाहोरची व्यवस्था परवडत नाहीं, हें खरें. पण दोन्ही शाळांनीं एकेक पंच द्यावा व दोघांनीं आदल्या दिवशीं एकत्र बसून कायद्याचें पुस्तक चाळावें, याला खर्च तो काय येतो?

आतां धांवचीत. क्रीजची रेषा कोणाची? मुलें म्हणतात, रेषेवर बॅट टेकली म्हणजे पोहोंचलों. कायदा म्हणतो, रेषेच्या मागें कांहीं तरी टेकलेलें असलें पाहिजे. केवळ रेषेवर असेल तर तो बाहेरच. याच्या उलट एक सवलत २०१७ पासून आहे. धांवत किंवा झेप घेऊन आलेल्या फलंदाजाची बॅट अथवा पाय एकदां रेषेपलीकडे टेकला आणि वेगाच्या भरांत पुन्हां उचलला गेला, तर त्या उचललेल्या क्षणीं यष्टी मोडली तरी तो बाद नाहीं. पूर्वीं अशी बॅट उसळलेली असतां फलंदाज बाद दिले जात, आणि जुन्या पंचांचें बोट अद्यापि संवयीनें वर जातें.

यष्टी मोडण्याचा प्रकार तर मुलांच्या सामन्यांत पाहण्यासारखा असतो. यष्टिरक्षकाच्या उजव्या हातांत चेंडू, आणि घाईनें बेल्स पाडतो डाव्या रिकाम्या हातानें! सर्व संघ नाचूं लागतो. परंतु ज्या हातानें यष्टी मोडावयाची त्याच हातांत चेंडू हवा. अगोदरच दोन्ही बेल्स पडलेल्या असतील तर नुसता चेंडू यष्टीला लावून भागत नाहीं. चेंडू हातांत धरून त्याच हातानें यष्टी जमिनींतून उपटावी लागते. वाऱ्यामुळें बेल्स राहात नसतील, तर त्या न ठेवण्याचें पंचांनीं ठरवावें. मग यष्टी मोडली कीं नाहीं तें पंचच ठरवितात. बेल्स हरवल्यामुळें त्यांवांचून खेळणाऱ्या आमच्या शाळा याच तरतुदीवर जगतात.

दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला गोलंदाजानें धांवचीत करणें, याविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतूनही मोठा गोंधळ आहे. १९४७ च्या डिसेंबरांत सिडनीच्या कसोटींत विनू मंकड यांनीं बिल ब्राउन यास असें बाद केलें. त्याच दौऱ्यांतील एका आधींच्या सामन्यांत त्यांनीं ब्राउनला प्रथम समज दिली होती व नंतर बाद केलें होतें. तरीही वर्तमानपत्रांनीं गहजब केला, आणि आमच्या मनुष्याचें नांव त्या कृत्याला शिवीसारखें चिकटलें. प्रतिपक्षाचे कर्णधार ब्रॅडमन यांनीं मात्र मंकडांचीच बाजू उचलून धरली. २४ सप्टेंबर २०२२ रोजीं लॉर्ड्सवर दीप्ति शर्मा हिनें इंग्लंडची शेवटची जोडी खेळत असतां चार्ली डीन हिला असेंच बाद केलें, तेव्हां तोच कोलाहल पुन्हां झाला. वस्तुस्थिति अशी कीं, अगोदर समज देण्याचें कोणतेंही बंधन कायद्यांत नाहीं. एवढेंच नव्हे, तर अयोग्य वर्तनाच्या ४१ व्या कायद्यांत असलेली ही तरतूद १ ऑक्टोबर २०२२ पासून धांवचीताच्या ३८ व्या कायद्यांत नेण्यांत आली. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटण्याची अपेक्षा ज्या क्षणीं असते, त्या क्षणापर्यंत फलंदाजानें जागा सोडूं नये, इतकी ही साधी गोष्ट आहे. मुलाला अगोदर समज द्यावयास शिकविणें हा सौजन्याचा भाग, व तो आम्हांसही मान्य आहे. पण ज्या मुलानें समज न देतां बाद केलें त्यास "फसवेगिरी केलीस" असें म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. चोरून पुढें निघालेला तो नव्हता.

कायदे बदलतात व घरांतील माहिती बदलत नाहीं, यानेंही पुष्कळ वाद होतात. झेल उडाला असतां फलंदाजांनीं एकमेकांस ओलांडलें, तर नवा फलंदाज दुसऱ्या टोकाला जाई, हें आपण सर्वजण लहानपणापासून जाणतों. २०२२ च्या ऑक्टोबरापासून तें राहिलें नाहीं. षटक संपलें नसेल तर नव्यानें येणाराच पुढचा चेंडू खेळतो, मग ओलांडलें असो वा नसो. क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरील हेल्मेटला लागून उडालेला चेंडू झेलला तर पूर्वीं बाद नसे, २०१७ पासून बाद आहे. चेंडूचे फलंदाजाच्या क्रीजपूर्वीं दोन टप्पे पडले तरी पूर्वीं चालत असे, तिसऱ्यास नोबॉल. २०१७ पासून दुसरा टप्पाच नोबॉल ठरतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा कायदा फार जड जातो, म्हणून त्यांच्या सामन्यांत सवलत द्यावी, असें आमचें मत आहे. पण ती नाणेफेकीपूर्वीं जाहीर करावी.

दूरचित्रवाणीनें या गोंधळांत नवी भर घातली आहे. तीवरील सामने पाहून मुलें नोबॉलनंतर ‘फ्री हिट’ मागतात. ४२ कायद्यांत फ्री हिट कोठेंही नाहीं. ती मर्यादित षटकांच्या स्पर्धांची वेगळी अट आहे. लेगच्या बाजूनें किंचित् बाहेर गेलेला प्रत्येक चेंडू ‘वाइड’, हाही त्या स्पर्धांचाच कडकपणा. फलंदाजाला नेहमींच्या फटक्यानें मारतां न येण्याइतका चेंडू दूर गेला तरच मूळ कायदा त्यास वाइड म्हणतो. व्याकरणांत उत्सर्ग व अपवाद असतात तसें हें आहे. स्पर्धेच्या अटींत अपवाद लिहिला असेल तर तो बलवान, लिहिला नसेल तर मूळ कायदा. वाड्याच्या अंगणांत ‘एक टप्पा आउट’ किंवा ‘भिंतीपलीकडे गेला तर आउट’ असे जे कायदे मुलें करतात, त्यांविरुद्धही आमचें कांहीं म्हणणें नाहीं. इंग्लंडांत कँटरबरीच्या मैदानांत सीमारेषेच्या आंत एक जुनें झाड होतें, तें २००५ सालीं पडलें. त्याला चेंडू लागला कीं चार धांवा, असा तेथील स्थानिक ठराव होता. मुंबईच्या आझाद मैदानावर तर एका सामन्याचे क्षेत्ररक्षक शेजारच्या सामन्याच्या मैदानांत उभे असतात. परक्या सामन्याच्या मुलाला लागून चेंडू अडला व त्यामुळें एका पक्षाचें नुकसान झालें असें वाटलें, तर पंचाला तो चेंडू ‘डेड’ ठरवितां येतो. आणि तो सीमेपार गेलाच असता अशी दोन्ही पंचांची खात्री असेल तर चौकार देतां येतो.

पंच मोठे असले म्हणजे चुकत नाहींत, असें मात्र मुलांना सांगूं नये. १४ जुलै २०१९ रोजीं लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. इंग्लंडला ३ चेंडूंत ९ धांवा हव्या होत्या. दुसरी धांव घेतांना झेप घेणाऱ्या स्टोक्सच्या बॅटला गप्टिलची फेंक लागली व चेंडू सीमेपार गेला. पंचांनीं ६ धांवा दिल्या. परंतु १९ वा कायदा असा आहे कीं, क्षेत्ररक्षकानें चेंडू फेंकला त्या क्षणीं फलंदाजांनीं एकमेकांस ओलांडलें असेल तरच ती अपुरी धांव मोजावयाची. त्यांनीं तोंपर्यंत ओलांडलें नव्हतें. म्हणजे धांवा ५, आणि पुढचा चेंडू स्टोक्सनें नव्हे, रशीदनें खेळावयाचा. सामना २४१ धांवांवर बरोबरींत सुटला, जादा षटकही बरोबरींत सुटलें, आणि अधिक चौकार मारले म्हणून इंग्लंड विजयी ठरलें. धर्मसेना व इरॅस्मस या दोघां पंचांनींही पुढें चूक कबूल केली. न्यूझीलंडच्या खेळाडूंनीं मैदान सोडलें नाहीं कीं पंचांना शिव्या दिल्या नाहींत. हा सामना कोणत्याही दुखावलेल्या मुलाला सांगावा. त्याला आपलें दुःख एकट्याचें वाटावयाचें नाहीं.

चूक दुरुस्त करण्याची वाटही कायद्यानें ठेविली आहे, पण ती अरुंद आहे. पंचाला आपला निर्णय बदलतां येतो, मात्र तो तत्काळ बदलला पाहिजे. दुसऱ्या पंचाला अधिक चांगलें दिसलें असेल तर त्याचा सल्ला घेण्यांत कमीपणा नाहीं. आमच्याकडचे पंच तो मानतात, व एकदां वर गेलेलें बोट खालीं आणणें म्हणजे नाक कापून घेणें समजतात. याहून सुंदर वाट क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराच्या हातीं आहे. पंचाच्या संमतीनें त्याला अपील मागें घेतां येतें. १९८० च्या फेब्रुवारींत मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद देण्यांत आलें. तो बाद नाहीं असें वाटून कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनीं अपील मागें घेतलें व टेलरला परत बोलाविलें. त्यानें बोथमबरोबर १७१ धांवांची भागी केली आणि भारत तो सामना १० गडी राखून हरला. असें करावें कीं करूं नये, यावर वाद घालावयास हरकत नाहीं. मुलांना तो अवश्य घालूं द्यावा. फलंदाजाला मात्र यांतील कोणतीच वाट मोकळी नाहीं. २०१७ च्या ४२ व्या कायद्याप्रमाणें निर्णयाविरुद्ध शब्दानें वा हावभावानें नापसंती दाखविली तर प्रथम ताकीद व पुन्हां घडल्यास समोरच्या संघाला ५ धांवा. सीमारेषेवरून ओरडणाऱ्या वडिलांना दंड करण्याची तरतूद त्या पुस्तकांत कोठेंही आढळत नाहीं.

मुलाच्या तक्रारीचें मग घरांत काय करावें? आम्ही असें सुचवितों कीं, प्रथम त्याला जेवूं घालावें. नंतर टप्पा कोठें पडला, चेंडू कोठें लागला, हें कागदावर काढून दाखवावयास सांगावें. आकृति काढतां काढतां निम्मी तक्रार आपोआप विरते, कारण टप्पा नक्की कोठें पडला हें त्यालाही सांगतां येत नाहीं. उरलेल्या निम्मींत तो खरोखरच बरोबर असेल, तर तसें त्याला निःसंकोचपणें सांगावें; "पंच म्हणेल तें ब्रह्मवाक्य" असें सांगून त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवूं नये. आणि दुसऱ्या दिवशीं त्यानेंच पंचांकडे जाऊन, "सर, लेगच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत असतो का?" असें नम्रपणें विचारावें. बहुतेक पंच घरीं जाऊन पुस्तक पाहतात, असा आमचा अनुभव आहे.

एक लहान गोष्ट राहिली, ती पंचांच्या हिशेबाची. षटकांत चेंडू सहाच, पण मुलांच्या सामन्यांत वाइड व नोबॉल इतके असतात कीं मोजणी चुकते, आणि सातव्या चेंडूवर कोणी बाद झाला कीं रडारड होते. त्यावर १७ वा कायदा असा कीं, पंचानें मोजलें तेंच षटक खरें. सातव्या चेंडूवर बाद झालेला बादच, आणि पांच चेंडूंत संपविलेलें षटकही संपलेलेंच. चूक होऊं नये म्हणून पंचांनीं धांवा लिहिणारांशीं वेळोवेळीं पडताळा घ्यावा, असेंही कायदा सांगतो. आमच्या ओळखीचे एक वृद्ध पंच कोटाच्या उजव्या खिशांत सहा चिंचोके ठेवीत व प्रत्येक शुद्ध चेंडूला एक डाव्या खिशांत टाकीत. ज्यांना ही रीत उचलावयाची असेल त्यांनीं सामन्याच्या आदल्या रात्रीं खिशांना भोंक नाहीं ना, तें पाहून घ्यावें.